वाचक विचारतात : रावेन्नाचा घुमट, उथळ कुंड आणि सोनेरी काच

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर इटलीतल्या रावेन्ना शहरातल्या निओनच्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटाचं छायाचित्र छापलं होतं. बिशप उर्सुसच्या काळात, म्हणजे इ.स. ४०० च्या आसपास उभारलेली ही विटांची अष्टकोनी इमारत. घुमट आणि त्यावरची मोझाइक (रंगीत काच-दगडांचे तुकडे जडवलेली) चित्रं बिशप निओनच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना वरच्या चित्राचं कुतूहल आहे. उत्तरांची सुरुवात मात्र जमिनीवरच्या कुंडापासून करावी लागते, कारण वरचं चित्र कुंडात उभ्या असलेल्या माणसासाठी काढलेलं आहे.

बाप्तिस्म्यासाठी अख्खी वेगळी इमारत कशाला? आमच्या चर्चमध्ये दाराजवळ एक दगडी कुंड आहे, तेवढ्यावर भागतं. (एक वाचक, वसई)

आपल्या चर्चमधल्या कुंडावर येतं ते बहुतेक तान्हं बाळ. चौथ्या-पाचव्या शतकात येत होती ती मोठी माणसं, आणि तीही एकाच रात्री, घोळक्याने. बाप्तिस्मा द्यायचा तो शहराच्या बिशपने, मुख्यतः ईस्टरच्या आदल्या रात्री. त्याआधीचा उपवासकाळ शिकवणीत जायचा. बाप्तिस्मा न झालेल्यांना मिस्साच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, मुख्य भागाला थांबता येत नसे, त्यामुळे त्यांना चर्चच्या मुख्य दालनाबाहेर, पण चर्चला लागून जागा हवी होती.

शिवाय विधी लांबलचक. पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा उच्चारायची. जेरुसलेमचा बिशप सिरिल याच्या चौथ्या शतकातल्या प्रवचनांत हा क्रम सविस्तर आला आहे. त्यानंतर कपडे उतरवायचे, अंगाला तेल लावायचं, कुंडात उतरायचं, तीन वेळा डोक्यावरून पाणी घ्यायचं, बाहेर येऊन पुन्हा सुगंधी तेल आणि पांढरं वस्त्र. एवढं झाल्यावरच मुख्य चर्चमध्ये प्रवेश आणि पहिला कम्युनियन (प्रभुभोजनाचा प्रसाद). स्त्रियांच्या वेळी तेल लावायला आणि कुंडातून वर घ्यायला पूर्वेकडच्या चर्चमध्ये सेविका नेमलेल्या असत. इतक्या हालचालींना आडोसा लागतो, फिरायला मोकळी जागा लागते, पाणी आणायची आणि सोडायची सोय लागते. म्हणून वेगळी इमारत.

पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला, गावोगावच्या धर्मगुरूंनाही तो अधिकार मिळाला, आणि कुंड लहान होऊन चर्चच्या आत आलं. गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये १५३२ सालचं बाप्तिस्माकुंड आहे, ते या बदलानंतरचं. इटलीतल्या काही शहरांनी मात्र हौसेने वेगळी बाप्तिस्मागृहं बांधणं चालूच ठेवलं. पिसाचं प्रचंड गोल बाप्तिस्मागृह तर ११५२ साली सुरू झालं. त्याला विधीची गरज कमी आणि शहराची ऐट जास्त, असं आमचं मत.

कुंडं एवढी मोठी, तरी उथळ का? बुडवून बाप्तिस्मा देत असतील तर पाणी गळ्यापर्यंत हवं ना? (अहमदनगर)

मोजमाप पाहिलं की हा प्रश्न पडतोच. जुन्या कुंडांपैकी पुष्कळ मीटरभर किंवा त्याहूनही कमी खोल आहेत. अशा पाण्यात उभा माणूस बुडत नाही. तो गुडघे टेकणार किंवा वाकणार, आणि बिशप त्याचं डोकं खाली दाबणार किंवा डोक्यावर पाणी सोडणार. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकांपैकी ‘डिडाखे’मध्ये सांगितलं आहे, की वाहतं पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरं चालेल, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावं. म्हणजे बुडवणं की ओतणं, हा वाद तेव्हा आजच्याइतका धारदार नव्हता.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कुंडाची आज दिसणारी खोली ही मूळ खोली असतेच असं नाही. निओनच्या बाप्तिस्मागृहात आत्ता मधोमध दिसणारं अष्टकोनी कुंड जुने तुकडे वापरून सोळाव्या शतकात नव्याने जुळवलेलं आहे, आणि मूळ जमीन त्याच्या सुमारे तीन मीटर खाली गेली आहे. तिथे पट्टी लावून पाचव्या शतकाविषयी निष्कर्ष काढू नयेत.

श्रीमंती पाहायची असेल तर रोममधलं लॅटरनचं बाप्तिस्मागृह. पोपच्या चरित्रांचा जो जुना ग्रंथ आहे, त्यात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या देणग्यांची यादी येते. कुंडाला आतून-बाहेरून चांदीचा पत्रा, पाणी सोडणारं ३० पौंड सोन्याचं कोकरू, आणि प्रत्येकी ८० पौंडांची सात चांदीची हरणं, त्यांच्याही तोंडातून पाणी. हरणं कशाला? बायबलमधल्या ४२व्या स्तोत्रातली पाण्यासाठी तहानलेली हरिणी. बाप्तिस्मागृहांच्या जमिनीवरच्या मोझाइकमध्ये पाणी पिणारी हरणं दिसली तर ती शिकारीच्या चित्रातली समजू नका. लॅटरनचं ते सोनंचांदी कधीच गेलं. पोप सिक्स्टस तिसरा (४३२ ते ४४०) याच्या वेळचे जांभळ्या पोर्फिरी दगडाचे आठ खांब आणि त्यांवरच्या तुळयांवर कोरलेली लॅटिन पद्यं तेवढी जागेवर आहेत.

अष्टकोनच का? (वास्तुकलेची विद्यार्थिनी, पुणे)

धार्मिक कारण सोपं. शब्बाथ हा आठवड्याचा सातवा दिवस, आणि ख्रिस्ताचं पुनरुत्थान त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तो पहिलाही आणि ‘आठवा’ही. नोहाच्या तारवात वाचलेली माणसंही आठच. मिलानच्या बाप्तिस्मागृहासाठी रचलेली आणि तिथला बिशप संत अँब्रोज याच्या नावावर असलेली पद्यं हा संबंध उघडपणे सांगतात : आठ कोनाड्यांचं मंदिर, अष्टकोनी कुंड, आणि बाप्तिस्म्याच्या घराला हाच अंक शोभतो. पद्यंही आठच जोड्यांची. ही इमारत आज मिलान कॅथेड्रलच्या समोरच्या चौकाखाली आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रोच्या कामात ती नीट उघडी पडली. संत ऑगस्टिनला ३८७च्या ईस्टरला अँब्रोजने बाप्तिस्मा दिला, तो इथेच.

पण गवंड्याच्या बाजूनेही बघा. घुमटाचा पाया गोल असतो. १० मीटर रुंद चौरस खोलीवर ५ मीटर त्रिज्येचा घुमट ठेवला, तर खोलीचा कोपरा मध्यापासून ७.०७ मीटरवर. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात २.०७ मीटरची पोकळी भरून काढायची. तीच खोली अष्टकोनी केली की कोपरा ५.४१ मीटरवर येतो, उरतात फक्त ४१ सेंटिमीटर. तेवढं विटा थोड्या पुढे काढत सहज निभतं. आखणीही दोरीने होते. चौरस आखा, कर्णाच्या निम्म्या लांबीची दोरी घ्या, चारही कोपऱ्यांत खुंटी ठोकून शेजारच्या दोन्ही बाजूंवर खूण करा. आठ खुणा मिळतात, त्या जोडल्या की नेमका अष्टकोन. रोमन लोक थडग्यांसाठी आणि स्नानगृहांसाठी असे आकार आधीपासून बांधत होते. पाण्यात उतरणं म्हणजे मरणं आणि वर येणं म्हणजे नवा जन्म, असं शिकवणाऱ्या विधीला थडगं आणि स्नानगृह दोन्ही एकाच आकारात मिळाले, हे सोयीचंच होतं.

सगळीकडे अष्टकोनच असतो, असं मात्र लिहू नका. नेपल्सचं बाप्तिस्मागृह चौकोनी आहे, वर अष्टकोनी गळा. लिगुरियातल्या अल्बेंगाचं बाहेरून दहा कोनांचं आणि आतून आठ कोनांचं. ट्युनिशियातल्या केलिबियाजवळ सापडलेलं, आता ट्यूनिसच्या बार्दो संग्रहालयात असलेलं कुंड तर चार पाकळ्यांचं आहे.

घुमट बाहेरून दिसतच नाही, नुसतं कौलारू छप्पर दिसतं. आत नक्की काय आहे? (बांधकाम व्यावसायिक, कोल्हापूर)

आत मातीच्या भाजलेल्या नळ्या आहेत. प्रत्येक नळी वीतभर लांब, आतून पोकळ, एक टोक रुंद आणि दुसरं बाटलीच्या गळ्यासारखं अरुंद. एकीचा गळा दुसरीच्या तोंडात बसवायचा, सांध्याला पटकन आवळणारा जिप्समचा गारा लावायचा आणि अशी माळ गोल फिरवत वर न्यायची. सांधा थोडा वाकू शकतो, म्हणून वक्रता आपोआप साधते. जिप्सम लगेच धरतो, त्यामुळे खालून जड लाकडी सेंट्रिंग लागत नाही. ही युक्ती उत्तर आफ्रिकेत फार चालत असे, तिथून ती इटलीत आली. रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चचा घुमटही असाच.

फायदा वजनाचा. उर्सुसच्या भिंती घुमट डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या नव्हत्या, मूळ छप्पर लाकडी असावं असं मानतात. त्यांवर विटांचा भरीव घुमट चढवला असता तर तो भिंतींना बाहेर ढकलत राहिला असता. पोकळ नळ्यांनी ते ओझं टाळलं. पावसापासून जपायला भिंती उंच घेऊन वर कौलं घातली, म्हणून बाहेरून घुमट लपतो. असल्या घुमटाचा शत्रू पाणी. कौल सरकलं, पाणी आत मुरलं की जिप्सम मऊ पडतो आणि खालचं मोझाइक गिलाव्यासकट सुटायला लागतं. आपल्याकडच्या जुन्या चुन्याच्या घुमट्यांचंही दुखणं बहुतेक वेळा छपरावरूनच सुरू होतं.

छायाचित्रातल्या ख्रिस्ताला दाढी आहे. त्याच गावातल्या दुसऱ्या बाप्तिस्मागृहात म्हणे तो बिनदाढीचा कोवळा तरुण आहे. दोन पंथांचे दोन ख्रिस्त, असं समजायचं का? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

हा अर्थ खूप ठिकाणी छापून येतो आणि तो घसरडा आहे. आधी दोन्ही चित्रं नीट पाहू.

रावेन्नात दोन बाप्तिस्मागृहं आहेत. दुसरं आरियन पंथाचं, ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक (राज्यकाळ ४९३ ते ५२६) याच्या काळातलं. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही, ही आरियनांची भूमिका. ३२५च्या निकाया परिषदेने ती फेटाळली होती. दोन्ही घुमटांच्या मधोमध एकच प्रसंग आहे. ख्रिस्त यार्देन नदीत कमरेपर्यंत उभा, शेजारी खडकावर बाप्तिस्मा करणारा योहान, आणि नदी स्वतः एका म्हाताऱ्याच्या रूपात हजर. निओनकडे हा म्हातारा पाण्यातून अर्धा वर आला आहे आणि वर त्याचं नावही लिहिलं आहे. आरियनांकडे तो भारदस्त बसला आहे आणि त्याच्या डोक्यातून खेकड्याच्या नांग्या उगवल्या आहेत. हा जुना रोमन नदीदेव ख्रिस्ती चित्रात बिनधास्त येऊन बसला, आणि कुणी हरकत घेतली नाही.

आता दाढी. निओनच्या घुमटाचा मधला भाग पडून गेला होता. एकोणिसाव्या शतकात फेलिचे किबेल या कारागिराने तो नव्याने भरला. ख्रिस्ताचं डोकं, योहानाचं डोकं आणि उजवा हात, त्या हातातली पाणी ओतायची ताटली आणि वरचं कबुतर, हे सगळं त्या दुरुस्तीतलं. म्हणजे दाढीवाला ख्रिस्त पाचव्या शतकातला नाही, एकोणिसाव्या शतकातला आहे. ताटलीचंही तेच. ‘पाचव्या शतकात डोक्यावर ओतून बाप्तिस्मा देत’ याचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जातं, पण ती मूळची नाही. आरियनांच्या घुमटात योहानाच्या हातात काहीच नाही. त्याने ख्रिस्ताच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आहे, आणि कबुतराच्या चोचीतून पाण्याचा झोत खाली येतो आहे. निओनच्या घुमटातही मूळ चित्र असंच असू शकतं.

त्यामुळे बिनदाढीचा चेहरा हा आरियनांचा खास ठसा म्हणता येत नाही. त्या काळी दोन्ही प्रकार चालत होते. रावेन्नातल्याच सान व्हितालेमध्ये, जे आरियनांचं नव्हतं, तिथेही ख्रिस्त बिनदाढीचा आहे.

फरक शोधायचाच असेल तर मधल्या वर्तुळाभोवतीच्या पट्ट्यात शोधा. निओनकडे बारा प्रेषित गडद निळ्या पार्श्वभूमीवर झपाझप चालत आहेत, वस्त्रांच्या घोळांतून चाल जाणवते. एकाचा अंगरखा पांढरा आणि उपरणं सोनेरी, तर पुढच्याचं उलट. हातात मुकुट. त्यांच्या बाहेर आणखी एक पट्टा, त्यात रिकामी सिंहासनं आणि शुभवर्तमानाची पोथी ठेवलेल्या वेद्या आलटून पालटून, चार आणि चार. आरियनांकडे एवढे पट्टे नाहीत. सोनेरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या वस्त्रांतले प्रेषित, मध्ये ताडासारखी झाडं, आणि पेत्र व पौल एका रिकाम्या सिंहासनाकडे येताहेत. त्या सिंहासनावर रत्नजडित क्रूस. प्रेषितांच्या पायाखालचं गवत बारकाईने पाहिलं तर हिरव्याची छटा मध्येच बदलते, पावलांचे दगडही बदलतात. काम एका दमात झालं नाही, मध्ये खंड पडला, हे तिथे कळतं.

शाळेत मुलांकडून असं छोटं मोझाइक करून घ्यायचं आहे, चुन्यातच, सिमेंट न वापरता. प्रमाण आणि कृती द्याल का? (चित्रकला शिक्षिका, सातारा)

आधी मूळ सोनेरी तुकड्याविषयी. जाड काचेवर सोन्याचा वर्ख, त्यावर मिलिमीटरहूनही पातळ काचेचा पापुद्रा, आणि तिन्ही तापवून एकजीव केलेले. पापुद्रा सुटला की वर्ख उडतो आणि खालची काच उघडी पडते. जुन्या घुमटांतले काळपट ठिपके पुष्कळदा याचेच. शाळेत याची नक्कल करू नका. पिवळी काच पुरे.

३० सेंटिमीटर चौरसाच्या फलकाला सेंटिमीटरभराचे सुमारे ७०० तुकडे लागतात. थोडे जास्त ठेवा, फुटतात. पाठीला शहाबादी फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. प्लायवूड नको, ते ओल पिऊन फुगतं आणि चुना सोडून देतं. गाऱ्यासाठी एक भाग भिजवून मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दीड भाग धुतलेली बारीक वाळू. या फलकाला सगळा मिळून दीड लिटर गारा पुरतो. सुरखी मऊ भाजलेल्या लाल विटेची हवी, भट्टीत जळून काळी झालेल्या विटेची नको, ती चुन्याशी नीट जुळत नाही. चुना तयार भिजवलेलाच आणा. कळीचा चुना मुलांसमोर विरघळवू नका, पाणी उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना.

फरशी रात्रभर पाण्यात ठेवा. पहिला थर सेंटिमीटरभर, त्यावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा ओढा आणि ओलं गोणपाट झाकून तीन-चार दिवस राहू द्या. मग पाच-सहा मिलिमीटरचा दुसरा थर, त्यात वाळूऐवजी संगमरवराची पूड. हा थर एका बैठकीत जेवढं लावून होईल तेवढ्याच जागेवर द्या. ओल्यावरच ब्रशने चित्र रंगवून घ्या. जुने कारागीरही आधी रंगवत आणि मग वर तुकडे लावत. तुकडा दोन तृतीयांश आत दाबायचा. आधी आकृतीची कड, मग तिला समांतर आतली ओळ, पार्श्वभूमी शेवटी. सगळे तुकडे सपाट एका पातळीत बसवायचा मोह आवरा. थोडे इकडेतिकडे कललेले असले की उजेड वेगवेगळा परततो, घुमट झगमगतो तो त्यामुळेच. फटी वरून भरायच्या नाहीत, दाबल्यावर वर येईल तेवढाच चुना पुरे.

बिघडतं कुठे? भेगा पडल्या तर चुना किंवा पाणी जास्त झालं. तुकडे दोन दिवसांत सुटून आले तर खालचा थर कोरडा होता आणि त्याने नव्या थराचं पाणी शोषून घेतलं. महिन्याने पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो लोणा, वाळू नीट धुतली नव्हती. घाईने धरावं म्हणून चिमूटभर सिमेंट टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. टाकू नका. ते ओल कोंडून ठेवतं आणि स्वतःचे क्षारही सोडतं. जुन्या मोझाइकांच्या सिमेंटने केलेल्या दुरुस्त्या पुढे पुन्हा खरवडून काढाव्या लागल्या, त्या याच कारणाने.

सर्वात जुनं बाप्तिस्मागृह कोणतं? (नागपूर)

ज्याचा काळ पक्का ठरवता येतो अशांत सिरियातल्या दुरा-युरोपोसचं. युफ्रेटिसकाठच्या या गावातल्या एका साध्या घरातली खोली २४०च्या सुमारास बाप्तिस्म्यासाठी बदलून घेतली. मीटरभर खोल आयताकृती कुंड, वर खांबांवर कमान, कमानीच्या आत निळं आकाश आणि पांढरे तारे. मागच्या भिंतीवर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ आणि खाली कोपऱ्यात लहानसे आदाम-हव्वा. बाजूला पाण्यावरून चालणारा येशू आणि बुडू लागलेला पेत्र. २५६ साली इराणच्या ससानी फौजेने घातलेल्या वेढ्यात तटबंदी भक्कम करायला लगतची घरं मातीने भरून टाकली, त्यात ही खोली गाडली गेली, म्हणून टिकली. १९३१-३२च्या उत्खननात चित्रं निघाली. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत.

पुढच्या महिन्यात रावेन्नाला जातोय. काय बघू, कसं बघू? (सध्या मुक्काम म्युनिक)

निओनचं बाप्तिस्मागृह कॅथेड्रलजवळ आहे आणि तिथे वेळ ठरवून, थोड्याच मिनिटांसाठी आत सोडतात. तिकीट आधी काढा. आरियनांचं वेगळ्या जागी, वेगळ्या तिकिटावर. दोन्ही १९९६पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. दुर्बीण लहान असली तरी न्याच. आरियनांकडे खालच्या भिंती उघड्या विटांच्या आहेत, तिथला साज सगळा गेला, तेव्हा सरळ वर पाहा. निओनकडे उलट. वर बघून झालं की खिडक्यांच्या रांगेतल्या गचकामातल्या (उठावदार गिलाव्यातल्या) सोळा आकृती आणि त्याखालची संगमरवराची जडणघडण पाहा, लोक ती चुकवतात. खालच्या रांगेतले खांब बुटके वाटतील. ते बुटके नाहीत, त्यांचा खालचा भाग चढत गेलेल्या जमिनीत बुजला आहे. आपण उभे असू तिथून घुमट पाचव्या शतकातल्या माणसाला दिसे त्याहून तीन मीटर जवळ असतो, म्हणून चित्रातल्या माना आणि खांदे आपल्याला थोडे जास्तच ओढलेले दिसतात.